भोयरभाऊंचा कूलर आणि मंदाताईंचा हात

विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या बाईच्या शेजारी लग्नाच्या पंगतीत बसायला कुणी तयार नसतं. ताटात जिलबी पडायच्या आत ही आपल्या गळ्यात पॉलिसी मारणार, अशी लोकांना धास्ती असते. माझ्या बाबतीत ती धास्ती फुकटची होती, कारण पॉलिसी विकण्याच्या कामात मी कधी नव्हतेच. वर्ध्याच्या शाखेत माझं टेबल क्लेमचं, म्हणजे दाव्यांचं. विकणारे गोड बोलून विकून जायचे आणि पुढे त्या माणसाचं काही जळलं, मोडलं, चोरीला गेलं, की तो माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसायचा. त्यामुळे माझ्याकडे हसत आलेला माणूस मी क्वचितच पाहिला. हसत गेलेला तर त्याहून क्वचित.

आता निवृत्त झाल्यावर मात्र लोक आपणहून विचारतात. झाडे मॅडम, गाडीचं कसं करू? गाईचं कसं? दवाखान्याचं कार्ड कोणतं चांगलं? घराच्या विम्याचं अजून एकानेही विचारलेलं नाही. "घराले काय होते मॅडम, पक्कं बांधलं हाय," असं म्हणून माणसं भिंतीवर थाप मारून दाखवतात. ज्यांच्याकडे घराची पॉलिसी असते, त्यांना ती बँकेने कर्जाबरोबर दिलेली असते. ती आल्याच्या दिवशी कपाटात जाते आणि लग्नपत्रिकांच्या खाली दबून राहते.

त्या पॉलिसीत शेवटाकडे एक भाग असतो. सगळ्यांच्या पॉलिसीत नसतो, आपण मागून घ्यावा लागतो. इंग्रजीत त्याला लायबिलिटी म्हणतात आणि मराठीत 'दायित्व'. हा मराठी शब्द ऐकला की समोरच्याला जांभई येते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. म्हणून मी सोपं करून सांगायचे. बाकीचा विमा तुमच्या घराचं काही बिघडलं तर आहे. हा भाग तुमच्या घराने दुसऱ्याचं काही बिघडवलं तर आहे. तुमच्या गच्चीवरची कुंडी रस्त्याने जाणाऱ्याच्या डोक्यात पडली, तुमच्या कुत्र्याने दूधवाल्याची पोटरी धरली, तर त्या माणसाचा दवाखाना, त्याची बुडालेली कमाई, तो कोर्टात गेला तर वकील, हे सगळं तुमच्या अंगावर येतं. ते ठरलेल्या रकमेपर्यंत कंपनी स्वतःच्या अंगावर घेते.

इतकं सांगितलं की समोरचा खूश व्हायचा. मग मी अटी सांगायला लागले की त्याचा चेहरा उतरत जायचा.

कारंजा घाडगेचा एक ढाबेवाला आला होता. ढाब्याच्या मागेच घर. घरच्या कुत्र्याने साळ्याच्या मांडीचा लचका तोडला होता. मी विचारलं, साळे राहतात कुठे? "आमच्याच घरी. लग्न झाल्यापासून." मी सांगितलं, मग मिळणार नाही. घरात राहणारा माणूस कुटुंबातला धरतात, हा विमा बाहेरच्या माणसासाठी असतो. त्याने बराच विचार केला आणि अगदी आशेने विचारलं, "आता त्याले घराबाहेर काढलं तं चालन काय?" मी म्हटलं, कुत्र्याने चावण्याआधी काढायला हवं होतं. "तेच तं बायकोले सांगून राह्यलो इतके वर्सं," तो म्हणाला आणि क्लेमचं विसरून साळ्याबद्दल बोलत बसला.

सिंदी रेल्वेच्या एका कापूस व्यापाऱ्याने घराच्या पडवीत गठाणी, म्हणजे कापसाच्या गाठी, रचल्या होत्या. त्यातली एक घसरून दलालाच्या पायावर पडली. घरात धंदा चालत असेल, तर धंद्यातून झालेलं नुकसान घराच्या विम्यात येत नाही, त्याला वेगळी पॉलिसी लागते. मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, गठान गप पडून होती. धंदा करून नव्हती राह्यली." अशा माणसांशी वाद घालताना हसू आवरणं हाही माझ्या नोकरीचाच भाग होता.

पण मला सांगायचं आहे ते सावंगी मेघेच्या भोयरभाऊंचं.

वासुदेवराव भोयर वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. सावंगीत मेडिकल कॉलेजमुळे प्रत्येक घराच्या वर एक मजला आणि त्या मजल्यावर शिकणारी पोरं, असा तिथला रिवाज. भोयरांनीही कर्ज काढून वरच्या खोल्या बांधल्या, म्हणून त्यांच्याकडे पॉलिसी होती. कुण्या उत्साही एजंटाने तिच्यात तो दायित्वाचा भागही घालून दिला होता आणि भोयरांना त्याचा पत्ता नव्हता. एका बोळाच्या पलीकडे मंदाताई उईके राहायच्या. नवरा गेलेला, मुलगी नागपूरला नर्सिंग शिकणारी. मंदाताई विद्यार्थ्यांची खानावळ चालवायच्या. अर्ध्या गल्लीतली मेडिकलची पोरं त्यांच्या पोळ्यांवर डॉक्टर होत होती.

आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर नसेल तर माणूस जगत नाही, हे वेगळं सांगायला नको. लोखंडी पेटीसारखा दांडगा कूलर, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाणी, आणि हे सगळं खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर टांगलेलं. भोयरभाऊंच्या वरच्या खोलीचा कूलर बोळावर होता. स्टँड त्यांनी स्वतः बसवला होता. जन्मभर खांबावर चढलेल्या माणसाला दुसऱ्याने ठोकलेला खिळा कसा पसंत पडणार? दरवर्षी चैत्र लागला की ते त्या स्टँडला चांदीसारखा चकचकीत रंग मारायचे. रंगाखाली लोखंड किती उरलं आहे, हे मात्र कधी पाहिलं नाही. पाणी भरायला पाइप लावून ते चहा प्यायला जायचे आणि कूलर भरून वाहायचा, तोही त्याच स्टँडवरून.

एके सकाळी मंदाताई बोळात जुनं लुगडं अंथरून कुरड्या घालत होत्या आणि वरून भरलेल्या कूलरसकट स्टँड खाली आला. त्यांनी डोकं वाचवायला हात वर केला. डोकं वाचलं. उजव्या हाताचं मनगट चुरलं.

भोयरभाऊ तसेच अनवाणी धावत आले. मंदाताईंना ऑटोत घातलं, दवाखान्यात नेलं आणि तिथे जो भेटेल त्याला सांगत सुटले, "चूक माही हाय. माह्या कूलरनं झालं हे." डॉक्टरला सांगितलं, नर्सला सांगितलं, केसपेपर काढणाऱ्या मुलालाही सांगितलं. आपल्याकडे भल्या माणसाची हीच रीत आहे. आपल्यामुळे कुणाला लागलं तर पहिली धाव घ्यायची आणि पहिला शब्द बोलायचा तो हाच. आणि पॉलिसीत नेमकी याच्या उलट अट लिहिलेली असते. आम्हाला विचारल्याशिवाय कुणापाशी काही कबूल करू नका, कुणाला काही देऊ नका. जबाबदारी आहे की नाही हे कंपनी तपासून ठरवणार, कारण पैसे तिला द्यायचे असतात.

डॉक्टरांनी हातावर तात्पुरतं प्लास्टर चढवलं आणि सांगितलं की हाडात पट्टी टाकून ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर करावं लागेल. हाड असंच जुळलं तर हात वाकडा राहील. पोळी लाटता येणार नाही. सरकारी योजनेचं कार्ड काढायचं मंदाताईंच्या घरात दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी राहायचं. भोयरभाऊ म्हणाले, पैसे मी भरतो. मंदाताई म्हणाल्या, "तुमच्या पेन्शनीचे? अजिबात नाई. कर्जाचा हप्ता कायनं भरान मंग?" आणि प्लास्टर गळ्यात अडकवून त्या घरी निघून आल्या.

वरच्या खोलीतल्या कुण्या शहाण्या पोराने भोयरांची पॉलिसी वाचली आणि दुसऱ्या दिवशी भोयरभाऊ माझ्यासमोरच्या खुर्चीत आले.

"मॅडम, यात मंदाताईचा हात बसते काय?"

मी कागद पाहिले. बसत होता. बाहेरचा माणूस, घरामुळे झालेली इजा, मालकाचा निष्काळजीपणा. मी त्यांना चहा मागवला आणि विचारलं, कुणापाशी काही कबूल वगैरे केलं नाहीत ना?

"कोनापाशी म्हंजे? साऱ्या दवाखान्यात सांगतलं. मी काई चोर हाय का लपवाले?"

मी कपाळाला हात लावला. मग त्यांना समजावलं. झालं ते झालं, आता यापुढे फक्त काय घडलं ते सांगायचं. चूक कुणाची, हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ते म्हणाले, "बरं." त्यांच्या त्या 'बरं'वर मी तेव्हा विश्वास ठेवला.

मी सावंगीला गेले. आधी मंदाताईंचं म्हणणं लिहून घ्यायचं होतं. त्या ओट्यावर बसल्या होत्या आणि आत स्वयंपाकघरात कुणीतरी जोरजोरात परात आपटत होतं. मी विचारलं, काय झालं त्या दिवशी?

"वावधान आलं मॅडम."

"वावधान?"

"हो ना. असं मोठं वावधान सुटलं. त्यानं पडला कूलर. भोयरभाऊची काई चूक नाई. देवाच्या मनात आलं, त्याले कोन काय करन?"

आता वाचकांना या वाक्यातली मेख सांगते. वादळाने कूलर पडला म्हणजे भोयरांचा निष्काळजीपणा नाही. निष्काळजीपणा नाही म्हणजे कायद्याने त्यांच्यावर जबाबदारी नाही. आणि जबाबदारीच नाही, तर कंपनीने कशाचे पैसे द्यायचे? मंदाताई शेजाऱ्याला वाचवायला गेल्या आणि स्वतःच्या हाताला विमा मिळू नये अशी त्यांनी पक्की व्यवस्था केली.

मी पेन खाली ठेवलं. खोट्याची सवय नसलेल्या माणसाचं खोटं पकडायला फार कष्ट पडत नाहीत. मी सहज विचारलं, "ताई, कुरड्या घालत होतात ना? मग त्या साऱ्या उडून गेल्या असतील."

"नाई बाप्पा, उडतीन कायले? कूलरच्या पाण्यानं भिजल्या तेवढ्या गेल्या, बाकीच्या चांगल्या वाळल्या. लाल डब्यात भरून ठेवल्या. देऊ का तुमाले थोड्याशा?"

"लुगडंही उडालं नाही?"

"त्याले कोपऱ्याले दगडं ठेवले होते ना—" एवढं बोलून त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मॅडम, त्या मानसानं माह्या घरच्या लाइटचं बटनसुदा कई बिघडू नाई देल्लं. माही पोरगी त्याह्यच्या डोळ्यापुढं मोठी झाली. त्याह्यच्यावर मी दावा टाकू?"

खरी गाठ इथे होती. हा विमा मिळायचा तर इजा झालेल्या माणसाने मालकाकडे भरपाई मागावी लागते, तीही लेखी. तिने मागितलंच नाही तर देणं कशाचं? सावंगीच्या त्या गल्लीत लेखी मागण्याला एकच नाव होतं, नोटीस. आणि नोटीस गेली म्हणजे दोन घरांचं संपलं. पलीकडच्या दोन भावांत भिंतीवरून एकदा नोटीस गेली होती, तर ते एकमेकांच्या मयतीलाही गेले नाहीत, असं मंदाताईंनी मला ऐकवलं. भोयरभाऊंचे पैसे त्या घेणार नव्हत्या. कंपनीचे घेतले असते, पण ते घ्यायला शेजाऱ्याला दोषी म्हणावं लागत होतं आणि ते त्या म्हणणार नव्हत्या. तिकडे हाड आपल्या मनाने जुळायला लागलं होतं.

तेवढ्यात परात आपटणारा माणूस बाहेर आला. भोयरभाऊच. कोपरापर्यंत कणीक, बनियनला कणीक, चष्म्यालाही. अपघाताच्या दुसऱ्या दिवसापासून ते मंदाताईंच्या खानावळीत पोळ्या लाटत होते. बायकोने भाज्या सांभाळल्या होत्या, पण पोळ्या आपण करणार, असा त्यांनी हट्ट धरला होता. विद्यार्थी त्या पोळ्यांचे मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवत होते. एक मुलगा माझ्यादेखत म्हणाला, "काका, ही पोळी खायची आहे की हिच्यावर प्लास्टर चढवायचं आहे?" भोयरभाऊ त्याला म्हणाले, "तू खाय मुकाट्यानं."

शेवटी मार्ग काढला तो भोयरवहिनींनी. त्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. शांत बाई, मी तोवर त्यांचा आवाज ऐकला नव्हता. त्या बाहेर आल्या, मंदाताईंच्या शेजारी बसल्या आणि मला म्हणाल्या, "मॅडम, कागद द्या. मंदाताईचा हात मोडला, मी लिहीन नोटीस."

भोयरभाऊ म्हणाले, "तू? माह्यावर?"

"हो. गंज दिवसाचं साचलं हाय."

क्लेमच्या टेबलावर मी पुष्कळ नोटिसा वाचल्या. वकिलांच्या वाचल्या, मोठमोठ्या कंपन्यांच्या वाचल्या. पण आरोपीच्या बायकोने फिर्यादीच्या मांडीला मांडी लावून इतक्या आनंदाने लिहिलेली नोटीस दुसरी पाहिली नाही. मंदाताई सांगायच्या एक ओळ आणि वहिनी लिहायच्या चार. स्टँड गंजला आहे, बदला, हे दर उन्हाळ्यात सांगितलं होतं. यांनी ऐकलं नाही. पाइप लावून चहा प्यायला बसू नका, हे सांगितलं होतं. तेही ऐकलं नाही. बीपीची गोळी वेळेवर घ्या म्हटलं, ती घेत नाहीत. टीव्हीचा आवाज कमी करत नाहीत. मंदाताई मध्येच म्हणाल्या, "वहिनी, टीव्ही नका लिहू, तो माह्या अंगावर नाई पडला." मी गोळी आणि टीव्ही काढायला लावले, पण स्टँडचं राहू दिलं. तेवढं खरं होतं आणि कामाचंही होतं.

मग मंदाताईंनी अट घातली. नोटीस पोस्टाने जाणार नाही. त्या स्वतः नेऊन देणार आणि भोयरांच्या घरी जेवूनच परत येणार, म्हणजे गल्लीला कळेल की भांडण नाही. मला कसलीच अडचण नव्हती. कंपनीला लेखी मागणी हवी असते, तिच्याबरोबर वडाभात खाल्ला की नाही हे कंपनी विचारत नाही. संध्याकाळी त्या नवं लुगडं नेसून, डाव्या हातात पिशवी आणि तिच्यात नोटीस नि कुरड्यांचा डबा घेऊन बोळ ओलांडून गेल्या. मीही जेवायला होतेच.

भोयरभाऊंना मी पढवून ठेवलं होतं. दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' एवढंच लिहायचं आणि सही करायची. त्यांनी मान डोलावली, चष्मा पुसला, सगळी नोटीस सावकाश वाचली. बायकोच्या अक्षरातली स्टँडची ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी लिहिलं: 'मिळाले. सर्व मान्य. चूक माझीच.' आणि खाली लपेटदार सही ठोकली.

"भाऊ! काय सांगितलं होतं मी?"

"मॅडम, ताई समोर बसून हाय. तिचा हात असा गयात हाय. अन् मी नुसतं 'मिळाले' लिहू?"

मी वडाभात पुढे ओढला.

व्हायचं तेच झालं. नागपूरच्या ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला. तरुण, हुशार, नियमांना घट्ट धरून असलेला माणूस. "झाडे मॅडम, विमाधारकाने संमतीशिवाय जबाबदारी कबूल केली आहे. अटीचा भंग आहे. आणि नोटीस विमाधारकाच्या बायकोच्या अक्षरात आहे. हा काय प्रकार आहे?"

मी सांगितलं, हा सावंगीचा प्रकार आहे. त्यांनी कबूल केलं म्हणून काही नवं घडलं नाही, गंजलेला स्टँड कंपनीच्या सर्व्हेअरने पाहिला आहे. त्याचा अहवाल सांगतो की रंगाच्या आत लोखंड नव्हतंच. उद्या ही बाई कोर्टात गेली तर भोयर गप्प बसले काय किंवा बोलले काय, निकाल तोच लागणार आहे. मग कंपनीचं बिघडलं काय? आणि अक्षराचं म्हणाल तर बाईचा उजवाच हात मोडला आहे. सध्या कंपनीने संमतीचं एक पत्र द्यावं, म्हणजे भोयर ऑपरेशनचे पैसे भरतील आणि कंपनी ते नंतर त्यांना देईल. कंपनीचा शिक्का पाहिला तर ही बाई ऑपरेशनच्या टेबलावर झोपायला तयार होईल, नाहीतर नाही. उशीर झाला तर हात कायमचा वाकडा राहील आणि मग जन्मभराच्या बुडालेल्या कमाईचा हिशेब तुम्हीच करत बसाल.

साहेब म्हणाले, "तरी पण कबूल करायची काय गरज होती?"

"साहेब, तुमच्या खिडकीला कूलर आहे?"

"आहे. तिसऱ्या मजल्यावर."

"खाली काय आहे?"

"खाली? खाली शेजाऱ्यांच्या मुलांचा झोपाळा आहे." मग ते म्हणाले, "मी उद्या कळवतो."

दुसऱ्या दिवशी संमतीचं पत्र आलं. मागोमाग साहेबांचा फोन आला आणि त्यांनी आवाज खाली आणून विचारलं की त्यांच्या स्वतःच्या घराच्या पॉलिसीत हा भाग आहे की नाही, ते कुठे पाहायचं. विमा कंपनीत राहून पॉलिसी कपाटात ठेवणाऱ्यांत आमचे साहेबही निघाले, याचं मला फार समाधान वाटलं.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर केला असता तर कठीण होतं. हात प्लास्टरमधून सुटला, पण एकदम कामाचा झाला नाही. बोटांचे व्यायाम करायचे होते, आधी रबरी चेंडू दाबायचा, मग ओली कणीक. तोवर पोळ्या भोयरभाऊंकडेच होत्या आणि हळूहळू त्या गोल व्हायला लागल्या होत्या. पोरं थोडी हिरमुसली, कारण घरी पाठवायला फोटो उरले नाहीत.

कंपनीने दवाखान्याचे पैसे दिले, बुडालेल्या कमाईचे काही दिले. मंदाताईंनी जेवढे मागायला हवे होते त्याहून कमी मागितले होते आणि मी कितीही सांगितलं तरी आकडा वाढवायला त्या तयार झाल्या नाहीत. याची मला आजही हळहळ वाटते. कंपनीच्या भाषेत दावा करणारा आणि ज्याच्यावर दावा आहे तो, असे दोन विरुद्ध पक्ष असतात. तिसऱ्या तऱ्हेच्या माणसांसाठी आमच्या कागदांत रकानाच नव्हता, आणि अशा माणसांना थोडं कमीच मिळायचं.

शेवटी राहिली पावती. पैसे घेताना इजा झालेल्या माणसाने लिहून द्यायचं असतं की भरपाई पूर्ण मिळाली, आता या माणसाकडे माझं काहीही मागणं उरलं नाही. मी म्हटलं, डाव्या हाताचा अंगठा चालेल. मंदाताई म्हणाल्या, "मी दहावी शिकली हाय मॅडम. सही करीन. ज्या हाताचे पैसे घेऊन राह्यली त्याच हातानं करीन." फाइल माझ्या टेबलावर पडून राहिली. नागपूरहून विचारणा यायची आणि मी सांगायचे, बाई सराव करत आहे.

आणि एका सकाळी त्यांनी बोलावलं. खानावळीच्या ओट्यावर बसून त्यांनी सही केली. नाव वर चढलं, मध्येच खाली उतरलं, 'उईके'तला शेवटचा के कागदाबाहेर जाता जाता राहिला. पण सही झाली. मला भरून आलं आणि ते लपवायचंही सुचलं नाही. सही करून त्यांनी कागद भोयरभाऊंपुढे धरला. "घ्या भाऊ. वाचा. आता माह्यं तुमच्याकडं काई मांगनं नाई. सुटले तुमी."

भोयरभाऊंनी कागद वाचला. वर पाहिलं नाही. कागद माझ्या हातात दिला, उठले, बाह्या वर केल्या आणि नेहमीसारखे आत जाऊन परातीपाशी बसले.

मंदाताई दारात गेल्या. "भाऊ, आता कायले? कागद झाला ना पुरा?"

"कंपनीचा झाला," ते पीठ घेता घेता म्हणाले. "पैसे कंपनीनं देल्ले. कूलर तं माहा होता ना."

मंदाताईंनी पदर खोचला. मग आत गेल्या, त्यांच्यासमोर बसल्या आणि तो नवा हात परातीत घालून म्हणाल्या, "सरका मंग जरासे. अर्धी मी मळीन."